विहिरीचे तांबडे पाणी

पाण्याची परीक्षा मनुष्य प्रथम डोळ्यांनी करतो, मग नाकाने आणि शेवटी जिभेने. रंगाने स्वच्छ, गंधरहित आणि चवीला गोड असे पाणी मिळाले की ते चांगले, आणि ह्यांपैकी एकाही कसोटीस ते उतरले नाही की ते वाईट, असा निकाल घरोघर आजवर होत आला आहे. ह्या न्यायासनापुढे ज्या दोन पदार्थांना वारंवार आरोपी म्हणून उभे राहावे लागले, ते म्हणजे लोखंड आणि गंधक. विहिरीतून काढताना स्फटिकासारखे दिसणारे पाणी थोड्याच वेळात पिवळट होते, मग तांबूस दिसू लागते. हंड्याच्या तळाशी गेरूसारखा साका बसतो, धुतलेल्या धोतरावर डाग पडतात, चहा काळवंडतो. ही लोखंडाची करणी. पाणी ओतताच कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते आणि चांदीचा पेला दोन दिवसांत काळा पडतो. ही गंधकाची करणी. ह्या दोन आरोपींचा खटला देशोदेशी कसा चालला, त्यांना कोठे विनाकारण शिक्षा झाली आणि त्या शिक्षेपायी खुद्द फिर्यादींनाच काय भोगावे लागले, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आपल्या पूर्वजांनी ह्या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत भूमिगत जलाचा शोध कसा घ्यावा ह्याविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या अखेरीस गढूळ, कडू, खारट किंवा बेचव पाणी सुधारण्यासाठी विहिरीत टाकावयाचे एक चूर्ण सांगितले आहे. त्यात सुरमा, नागरमोथा, वाळा, आवळा आणि निवळीचे बी ही द्रव्ये येतात. सुश्रुतसंहितेतही गढूळ पाणी निवळविण्याची सात साधने दिली असून त्यांत निवळी आणि वस्त्र ही दोन आहेत. निवळीचे बी उगाळून पाण्यात घातले म्हणजे तरंगणारे बारीक कण एकमेकांस चिकटून तळाशी बसतात, हा अनुभव आजही खरा आहे. परंतु लोखंडाची गोष्ट निराळी. ते पाण्यात तरंगत नसते, साखरेप्रमाणे विरघळलेले असते. जे तरंगतच नाही ते निवळीने कसे पकडावे, आणि वस्त्राने कसे गाळावे? म्हणूनच फडक्याने दोनदा गाळलेले पाणीही सकाळी हंड्यात तांबडे दिसते आणि गृहिणी चकित होते.

विरघळलेले हे लोखंड ओळखावयाचे कसे, ह्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. हिराकस आणि हिरडा ह्यांच्यापासून काळी शाई करण्याची रीत आपल्याकडे सर्वश्रुत होती. हिराकस हा लोखंडाचा क्षार, आणि हिरड्यातला तुरट अंश त्याला भेटला की काळा रंग उत्पन्न होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने तांब्याच्या औषधात हिराकसाची भेसळ ओळखण्यासाठी मायफळाच्या रसात भिजविलेला कागद वापरावा असे लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईल ह्याने झऱ्यांचे पाणी तपासण्यासाठी हीच रीत शास्त्रशुद्ध केली, आणि १६८५ साली त्यावर एक छोटेखानी पुस्तकही प्रसिद्ध केले. चहात, हिरड्यात, आवळ्यात आणि पेरूच्या पानांत हाच तुरट अंश असतो. तेव्हा लोखंडी पाण्याचा चहा काळा होतो ह्यात नवल ते काय? घरचा चहा म्हणजे नकळत केलेली रासायनिक परीक्षाच होय.

गमतीची गोष्ट ही की, ज्या काळात बॉईल ही परीक्षा करीत होता, त्या काळात असे पाणी टाकून देण्याऐवजी लोक त्याच्यासाठी दूरदूरचा प्रवास करीत. इंग्लंडातील यॉर्कशायर प्रांतात हॅरोगेट नावाचे गाव आहे. तेथे १५७१ साली विल्यम स्लिंग्जबी ह्या गृहस्थास लोखंडयुक्त पाण्याचा झरा आढळला. त्याच परिसरात गंधकाच्या दुर्गंधीने दरवळणारे झरेही होते. पुढे तीन शतके श्रीमंत लोक तेथे जाऊन नाक दाबून ते पाणी औषध म्हणून पीत राहिले, आणि १८४२ साली गंधकाच्या विहिरीवर एक देखणी इमारतही उभी राहिली. दक्षिणेस केंट परगण्यात १६०६ साली लॉर्ड नॉर्थ ह्यास सापडलेल्या लोखंडी झऱ्याभोवती टनब्रिज वेल्स हे अख्खे शहर वसले. तात्पर्य, एकच पाणी एका ठिकाणी पैसे मोजून पिण्याचे औषध ठरले, तर दुसऱ्या ठिकाणी मोरीत ओतून देण्याची घाण ठरली. पाण्याने आपला गुण बदलला नाही. बदलला तो माणसाचा ग्रह.

आता हे लोखंड पाण्यात येते कसे हे थोडक्यात पाहू. पृथ्वीच्या पाठीवर लोखंड सर्वत्र आहे, परंतु बहुतेक ठिकाणी ते गंजलेल्या अवस्थेत असते, आणि गंज पाण्यात विरघळत नाही. कोकणातील जांभा दगड लोखंडाने लालभडक झालेला असला तरी त्यात खणलेल्या उघड्या विहिरीचे पाणी बहुधा निर्मळ असते, ह्याचे कारण हेच. मात्र पावसाचे पाणी खोल झिरपत जाताना वाटेतील कुजणाऱ्या पालापाचोळ्याने त्यातील प्राणवायू संपवून टाकला, तर पुढे जमिनीच्या पोटात गंजाचे रूप पालटते आणि लोखंड विरघळू लागते. ते वर काढून हवेत ठेवले की प्राणवायूच्या स्पर्शाने त्याचा पुन्हा गंज बनतो आणि पाणी तांबडे होते. गंधकाचेही तसेच. प्राणवायूच्या अभावी कित्येक सूक्ष्म जंतू पाण्यातील गंधकाच्या क्षारांतील प्राणवायू ओढून घेतात, आणि मागे दुर्गंधी वायू उरतो. अशा जंतूंचा शोध १८९५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे बेयरिंक ह्या शास्त्रज्ञाने लावला. त्यापूर्वी, १८८७ आणि १८८८ साली, रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की ह्याने ह्याच्या उलट काम करणारे, म्हणजे गंधक आणि लोखंड प्राणवायूशी जोडून त्यावर जगणारे जंतू दाखवून दिले होते. थोडक्यात सांगावयाचे तर तांबडा रंग आणि कुजका वास ही दोन्ही एकाच गोष्टीची खूण होत : हे पाणी पुष्कळ काळ हवेपासून दूर राहिले आहे.

हवेपासून दूर राहिलेले पाणी बहुधा माणसाच्या घाणीपासूनही दूर राहिलेले असते. ही साधी गोष्ट ध्यानात न आल्यामुळे काय घडले ह्याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे बर्लिन शहर.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बर्लिनचे लोक घराच्या चौकातील आणि रस्त्यावरील विहिरींचे पाणी पीत. १८५६ साली एका इंग्रज कंपनीने श्ट्रालाऊ वेशीजवळ नदीचे पाणी वाळूतून गाळून नळाने देण्यास प्रारंभ केला. शहर झपाट्याने वाढत होते. १८७१ मध्ये लोकवस्ती आठ लाखांवर होती, ती १८८० मध्ये अकरा लाखांवर गेली. चौकातील विहिरी शेजारच्या शौचकूपांनी दूषित झाल्या होत्या, आणि नदीचे पाणी पुरे पडेना. तेव्हा नगरपालिकेने शहराबाहेर टेगल सरोवराच्या काठी खोल विहिरी खणल्या आणि १८७७ साली त्यांचे पाणी शहरात आणले. जमिनीच्या पोटातले हे पाणी, मैल्याचा संपर्क नसलेले, थंडगार आणि पारदर्शक. सर्वांनी त्याचे स्वागत केले.

हे स्वागत फार काळ टिकले नाही. थोड्याच काळात नळांतून तपकिरी पाणी येऊ लागले, त्यात चिकट पुंजके आणि तंतू तरंगू लागले, धुण्यावर डाग पडू लागले. ह्या तंतूंना ब्रेसलाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन ह्याने १८७० सालीच तेथील विहिरींत पाहून ‘क्रेनोथ्रिक्स’ असे नाव दिले होते. जर्मन भाषेत त्याने त्यांना ‘विहिरीचा धागा’ म्हटले. लोखंडी पाण्यात हे जंतू नळांच्या आत वाढतात आणि आपल्या अंगाभोवती गंजाचे वेष्टन चढवितात. बर्लिनकरांनी ह्या प्रकाराला जलसंकट म्हणावयास सुरुवात केली, आणि त्सोप्फ नावाच्या शास्त्रज्ञाने १८७९ साली ह्या जंतूवर लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच तो शब्द आला. हे जंतू माणसास रोग देत नाहीत. परंतु तांबड्या पाण्याचा पेला हातात घेतलेल्या नागरिकास हे कोण पटविणार? अखेर लोकमतापुढे मान तुकवून १८८३ च्या सुमारास टेगलच्या विहिरी बंद करण्यात आल्या, आणि त्यांच्याऐवजी सरोवराचे उघडे पाणी वाळूतून गाळून देण्यात येऊ लागले. पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागले आणि तक्रारी थांबल्या.

येथे क्षणभर थांबून ह्या अदलाबदलीचा अर्थ पाहिला पाहिजे. नागरिकांनी अपायकारक नसलेले परंतु कुरूप पाणी नाकारले, आणि देखणे परंतु उघड्यावरचे पाणी पत्करले. नदी-सरोवरांत घाण जाऊ शकते. तिच्यात आणि घशात आड उभी असते ती केवळ वाळूची गाळणी. ती गाळणी नीट चालली तर ठीक. न चालली तर ह्या पाण्याचा रंग कोणालाही सावध करीत नाही.

१८८९ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत बर्लिनच्या पूर्व भागात विषमज्वराची साथ पसरली. हा भाग श्ट्रालाऊच्या नदीजलावर अवलंबून होता. जंतुशास्त्रज्ञ फ्रेंकेल आणि जलकेंद्रातील अभियंता पीफ्के ह्यांनी गाळणीवर प्रयोग करून १८९० साली दाखविले की, वाळूच्या गाळणीतून रोगजंतू थोड्याफार प्रमाणात पार जाऊ शकतात, आणि गाळणीची निगा चुकली की अधिक जातात. तीन वर्षांनी, १८९२ साली, हॅम्बुर्ग शहराने ह्याहून भयंकर धडा दिला. तेथे एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळांतून दिले जात होते. पटकीच्या साथीत काही आठवड्यांत साडेआठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना शहर त्याच नदीचे पाणी, तेही हॅम्बुर्गच्या मैल्याखालच्या बाजूस, घेत होते. पण ते वाळूतून गाळीत असल्यामुळे ते बव्हंशी वाचले. पुढच्याच हिवाळ्यात आल्टोनाचीही एक गाळणी थंडीने गोठून निकामी झाली, आणि तेथेही पटकीने डोके वर काढले.

ह्या सर्व प्रसंगांचा अभ्यास रॉबर्ट कॉख ह्या महान जंतुशास्त्रज्ञाने १८९३ साली प्रसिद्ध केला. गाळणीवर कडक देखरेख हवी हा त्याचा एक निष्कर्ष. आणि जमिनीच्या पोटातील पाणी जंतूंच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित असते, हा दुसरा. मग लोखंडाचे काय? त्याचे उत्तर तोवर सापडले होते. ज्या पीफ्केने गाळणीचे दोष उघडे केले, त्यानेच आणि त्याचा सहव्यवसायी ओस्टेन ह्याने लोखंड काढण्याची अगदी साधी रीत सिद्ध केली होती. ओस्टेन पाणी उंचावरून पावसासारखे पाडी. पीफ्के ते कोकच्या ढिगाऱ्यावरून झिरपवी. दोहोंचा हेतू एकच, पाण्याला हवेची भेट घडविणे. हवा लागली की विरघळलेले लोखंड गंज बनते, आणि गंज झाला की तो वाळूत अडकतो. जे तपकिरी रूप घरातील हंड्यात दिसत होते, ते आधीच आणि योग्य जागी घडवून आणावयाचे, एवढाच काय तो शोध! गंधकाचा दुर्गंधी वायूही ह्याच वाटेने पुष्कळसा उडून जातो.

बर्लिनने आपला निर्णय फिरविला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टेगल आणि त्यानंतर म्युगल सरोवरावरील केंद्र पुन्हा विहिरींच्या पाण्यावर आणण्यात आले. आजही त्या शहराचे पिण्याचे पाणी जमिनीखालूनच येते, आणि त्यावर मुख्यतः दोनच संस्कार होतात : हवा देणे आणि वाळूतून गाळणे. वीस वर्षांची वळसेदार वाट चालून शहर पुन्हा जेथून निघाले तेथेच पोचले. फरक इतकाच की, पाण्याला टाकण्याऐवजी त्यातील लोखंड तेवढे टाकावयास ते शिकले.

कॉखने एकट्यादुकट्या घराच्या विहिरीचाही विचार केला होता. उघड्या विहिरीत वरून आणि बाजूंनी घाण उतरते; म्हणून तिच्यात नळ उभा करून भोवती खडी आणि वर बारीक वाळू भरावी, म्हणजे तीच बंद नळविहीर होते, असा उपाय त्याने सुचविला. ह्या उपायाची किंमत मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. उघड्या विहिरीत पोहऱ्याने पाणी ढवळले जाते, हवा आत मिसळते आणि लोखंड बहुधा विहिरीतच खाली बसते. बंद नळविहिरीचे पाणी अधिक सुरक्षित. परंतु विरघळलेले लोखंड आणि वास घेऊन ते थेट घरात येते. सुरक्षितता वाढली की कुरूपताही वाढावी, असा हा विचित्र योग आहे.

हिंदुस्थानात उघड्या विहिरींवर दुसरा उपाय योजण्यात आला. १८९२ साली आग्र्यास आलेले रसायनपरीक्षक हॅन्किन ह्यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. विहिरीत पडणारे हे ‘लाल औषध’ जुन्या पिढीच्या परिचयाचे आहे. पाण्याचा गुलाबी रंग काही काळ टिकला तर औषध पुरेसे झाले असे समजत. पण ज्या पाण्यात लोखंड किंवा गंधकाचा वायू असतो, तेथे हे औषध प्रथम त्यांच्याशीच झुंजते आणि खर्ची पडते. जंतूंसाठी मागे काही उरत नाही. ब्लीचिंग पावडरची गतही हीच. म्हणून अशा पाण्यात आधी हवा देऊन आणि गाळून लोखंड-गंधक काढावे, आणि मगच जंतुनाशक घालावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. हा क्रम उलटला तर औषध घातल्याचे समाधान तेवढे पदरी पडते.

बर्लिनची चूक एकोणिसाव्या शतकातच संपली असेल असे कोणास वाटेल, तर तसे झाले नाही. आणि तिच्या पुढच्या अध्यायाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यकर्त्यांनी गावकीच्या वापरास टिकेल असा पोलादी हातपंप तयार केला. त्या सोलापुरी पंपावरूनच युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला, आणि तो भारतभर व पुढे आफ्रिकेतही गेला. लक्षावधी खेड्यांना त्याने बंद विहिरीचे सुरक्षित पाणी दिले. परंतु पश्चिम आफ्रिकेतील कित्येक ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. त्या पाण्याने पंपाचे जस्त चढविलेले लोखंडी नळ झिजू लागले, आणि पाणी तांबडे आणि तुरट येऊ लागले. भात रंगे, कपडे डागाळत. लांगनेगर ह्या संशोधकाचा ह्यासंबंधीचा अभ्यास जागतिक बँकेने १९९४ साली प्रसिद्ध केला. त्यात दिसून आले की, पुष्कळ ठिकाणी हे लोखंड जमिनीतले नव्हतेच, पंपाचेच होते. आणि अशा पाण्याला विटून लोक पंप सोडून पुन्हा उघड्या डबक्यांकडे वळत होते. तेथे उपाय अगदी निराळा होता : पाणी गाळावयाचे नव्हे, तर नळ बदलून न गंजणारे घालावयाचे. तांबड्या पाण्याचे मूळ शोधल्यावाचून औषध करू नये, हा ह्यातला धडा.

ह्याच्या अगदी उलट गोष्ट बंगालमध्ये घडली. तेथील तळ्यांच्या पाण्याने अतिसार आणि पटकी होई, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आणि पश्चिम बंगालमध्ये असंख्य नळविहिरी खणण्यात आल्या. त्यांच्या पाण्यात लोखंड विपुल. लोकांनी कुरकुर केली, पाणी रात्रभर ठेवून वरचे निवळ घेण्याची सवय लावून घेतली आणि ते पिऊ लागले. लोखंडाबद्दल सर्वांना ठाऊक होते, कारण ते दिसत होते. परंतु त्याच पाण्यात आणखी एक पदार्थ होता, ज्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. तो म्हणजे सोमल. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन येथील डॉ. के. सी. साहा ह्यांनी त्वचेवर डाग आणि तळहातांवर घट्टे पडलेल्या रुग्णांत ही विषबाधा ओळखली. १९९३ साली बांगलादेशातही ती आढळली. एका लिटरमध्ये ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सोमल नसावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. तेथील लाखो नळविहिरी ती ओलांडीत होत्या. डोळे, नाक आणि जीभ ह्या तिन्ही पहारेकऱ्यांनी लोखंडाला दारात अडविले, आणि खरा मारेकरी त्यांच्या समोरून आत गेला.

परंतु ह्या कथेतही लोखंडाची बाजू घेण्याजोगी एक गोष्ट आहे. लोखंडाचा गंज ताजा तयार होत असताना सोमलाला आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे लोखंडी पाण्याला हवा देऊन ते वाळूतून गाळले, तर लोखंडाबरोबर सोमलाचाही काही भाग निघून जातो. ह्याच तत्त्वावर बांगलादेशात तीन मडक्यांची गाळणी आणि पुढे लोखंडाचा कीस वापरणारी ‘सोनो’ गाळणी निघाली. तिच्या निर्मात्यास, अबुल हुसाम ह्यांस, २००७ साली अमेरिकेत ग्रेंजर पारितोषिक मिळाले. ज्याला लोक शत्रू समजत होते तोच येथे मित्र ठरला. मात्र नुसते रात्रभर ठेवल्याने सर्व सोमल जाईलच अशी खात्री नाही, आणि गाळणीत उरलेला गाळ विषारी असतो, हे विसरता कामा नये.

गंधकाचीही अशीच एक बाजू आहे. १९८२ साली ग्वाल्हेर येथील संरक्षण प्रयोगशाळेत मांजा, मौर्य आणि राव ह्या तीन शास्त्रज्ञांनी पाण्यातील मैला ओळखण्याची एक स्वस्त परीक्षा शोधून काढली. लोखंडाच्या आणि गंधकाच्या क्षारांत भिजवून वाळविलेला कागद बाटलीत ठेवावयाचा, त्यात पाणी भरावयाचे आणि ते उबदार जागी राहू द्यावयाचे. पाण्यात मैल्यातील जंतू असतील तर त्यांतील पुष्कळसे गंधकाचा दुर्गंधी वायू निर्माण करतात. तो लोखंडाशी संयोग पावतो, आणि बाटलीतले पाणी काळे होते. खेड्यापाड्यांत, जेथे मोठी प्रयोगशाळा नाही, तेथे ही बाटली उपयोगी पडली. अर्थात ज्या विहिरीत मुळातच गंधकाचा वायू आहे, तेथे ही परीक्षा फसवी ठरते, आणि निराळ्या रीतीने जंतू तपासावे लागतात.

वासाविषयी एक सूचना मात्र येथे करणे अवश्य आहे. गंधकाचा हा वायू अल्प प्रमाणात पाण्यात असला तर तो केवळ नकोसा वाटतो. लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतका असला तरी नाकास कळतो. परंतु बंद पडलेल्या जुन्या विहिरीच्या तळाशी कुजणाऱ्या गाळातून तो साठला, तर तो प्राणघातक आहे, आणि अशा वेळी नाकच प्रथम बधिर होते. पूर्वी विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर प्राणवायू नाही हे कळते. पण दिवा जळत राहिला तरी हा विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही. गाळ काढावयास उतरलेला एक मनुष्य कोसळतो, त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. अशा दुर्घटना ह्याच कारणाने घडतात. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असे मानणे किती घातक आहे हे येथे दिसते.

मग ज्या घरच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तांबडे होते किंवा वास मारते, त्या घराने काय करावे? इतिहासाने दिलेला क्रम असा आहे. प्रथम मूळ शोधावे. पहाटेचे पहिले पाणी फार तांबडे आणि पुष्कळ उपसल्यावर स्वच्छ, असे असेल तर नळ किंवा पंप गंजत असल्याचा संशय घ्यावा; कितीही उपसले तरी तांबडेच, असे असेल तर लोखंड जमिनीतले आहे. वास पहिल्यापासूनच असेल तर तो बहुधा भूगर्भातला; वर्षानुवर्षे चांगल्या असलेल्या विहिरीला अचानक वास येऊ लागला, तर सांडपाणी झिरपत असण्याचा किंवा आत काही कुजत असण्याचा संभव आहे, आणि मग ते पाणी उकळल्यावाचून पिऊ नये. दुसरी पायरी परीक्षेची. एकदा तरी प्रयोगशाळेत पाणी द्यावे, आणि तेथे केवळ लोखंड नव्हे, तर जंतू, नायट्रेट, फ्लोराइड आणि जेथे शंका असेल तेथे सोमल हेही पाहण्यास सांगावे; कारण जे दिसत नाही त्याचीच चौकशी अधिक हवी. तिसरी पायरी उपायाची. पाणी टाकीत उंचावरून झारीसारख्या छिद्रांतून पाडावे, काही तास स्थिर राहू द्यावे, वाळूच्या थरातून गाळावे, आणि वाळू वेळोवेळी धुवावी. थोड्या पाण्यासाठी एका घागरीतून दुसरीत चारदा ओतणे आणि मग वाळूच्या माठातून गाळणे, हीच पीफ्केच्या मनोऱ्याची घरगुती आवृत्ती होय. जंतुनाशक घालावयाचे ते ह्यानंतर.

लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेले की कपड्यांवर डाग दिसू लागतात. तेवढ्याने प्रकृतीस अपाय होतो असे मात्र नव्हे. म्हणून तांबडे पाणी हे दुरुस्त करावयाचे पाणी आहे. ते घाईने नाकारून, स्वच्छ दिसते एवढ्याच कारणास्तव दुसरे न तपासलेले पाणी जवळ करणे, ही बर्लिनने केलेली आणि पुढे आफ्रिकेच्या खेड्यांत पुन्हा घडलेली चूक होय. रंग, वास आणि चव हे विश्वासू साक्षीदार आहेत आणि त्यांची साक्ष अवश्य ऐकावी. परंतु निकाल त्यांच्यावर सोपवू नये. तो परीक्षेवर सोपवावा. ज्या घरात लहान मुले हे पाणी पितात, त्या घराने तरी वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळा संपल्यावर, एवढे कष्ट घेण्यास हरकत नसावी.